स्वाकोपमुंडला निघालात? आधी धुक्याचा हिशेब करा

नामिबियातून आठ चित्ते सप्टेंबर २०२२ मध्ये कुनोला आले आणि त्या देशाचे नाव आपल्याकडे अनेकांच्या कानावर पडले. पाठीवर सॅक टाकून तिकडे निघणाऱ्यांचा मोर्चा बहुधा स्वाकोपमुंडकडे वळतो. एका बाजूला अटलांटिक महासागर, दुसऱ्या बाजूला नामिबचे वाळवंट आणि मध्ये हे छोटेसे शहर. विमानातून उडी, वाळूच्या टेकडीवरून घसरण, क्वाड बाइक, सीलच्या संगतीत कयाक असे सगळे इथे एकाच मुक्कामात करता येते.

जाणाऱ्यांचे प्रश्नही ठरलेले असतात. वाळवंटात स्वेटर कशाला? सगळे खेळ दोन दिवसांत उरकतील ना? प्रवासविमा काढला आहे, तेवढा पुरे का? आणि खेळाआधी त्या लांबलचक फॉर्मवर सही केली, की आपले हक्क संपले का? या चार प्रश्नांची उत्तरे नीट कळली तर बाकीची आखणी तुमची तुम्हालाच जमेल. एकच गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: इथले खेळ तुमच्या यादीप्रमाणे होत नाहीत, हवेप्रमाणे होतात.

हवा कशी असते आणि कधी जावे

या किनाऱ्याला लागून बेंग्वेला नावाचा थंड सागरी प्रवाह वाहतो. त्यामुळे इथे पाऊस जवळपास पडतच नाही, वर्षाला २० मिलिमीटरच्या आतबाहेर. धुके मात्र भरपूर. सकाळी शहर राखाडी आणि ओलसर असते. दुपारी ऊन पडते, मग समुद्रावरून वारा सुटतो आणि संध्याकाळी पुन्हा गारठा. आत वाळवंटात पारा चढलेला असताना किनाऱ्यावर लोक जॅकेट घालून फिरत असतात.

आपल्या सुट्ट्यांच्या हिशेबाने पाहिले तर:

- दिवाळीची सुट्टी (ऑक्टोबर-नोव्हेंबर): सर्वांत सोयीचा काळ. हवा बरी असते आणि गर्दी आटोक्यात.
- नाताळ आणि जानेवारीची सुरुवात: नामिबिया आणि दक्षिण आफ्रिकेतले लोक याच सुमारास सुट्टीसाठी किनाऱ्यावर उतरतात. राहण्याची जागा मिळणे कठीण होते आणि दर चढतात. जायचेच असेल तर काही महिने आधी जागा पक्की करा.
- मे महिना आणि पुढचे दोन-तीन महिने: तिकडे हिवाळा. किनाऱ्यालगतचे धुके या दिवसांत जास्त. शिवाय अधूनमधून वाळवंटातून उलटा, गरम पूर्वेचा वारा सुटतो. त्या दिवशी वाळू तोंडावर बसते आणि बाहेरचे खेळ बंद ठेवावे लागतात.

कोणत्याही महिन्यात गेलात तरी किमान चार रात्री हाताशी ठेवा आणि त्यातला एक दिवस पूर्ण मोकळा सोडा. दोन रात्रींत सगळे बसवणाऱ्यांची विमानातली उडी हमखास हुकते.

निघण्यापूर्वीची कागदपत्रे

१. व्हिसा: भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो. त्याची पद्धत आणि शुल्क बदलत असते, म्हणून तिकीट काढण्याआधी नामिबियाच्या गृहखात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा दिल्लीतल्या उच्चायुक्तालयाकडे खात्री करून घ्या. पासपोर्टची मुदत परतीनंतर किमान सहा महिने असावी आणि काही पाने कोरी हवीत.

२. शिक्का तपासा: विमानतळावर पासपोर्ट हातात आल्यावर काउंटर सोडण्याआधी शिक्क्यावर किती दिवस मिळाले ते वाचा. तुमच्या परतीच्या तारखेपेक्षा कमी दिवस लिहिले असतील तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. नंतर तो मुदतीपेक्षा जास्त राहण्याचा गुन्हा ठरू शकतो.

३. यलो फीव्हरची लस: इथे बरेच जण फसतात. नामिबियात हा आजार नाही, पण तुमचे विमान अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे असेल तर इथिओपिया आणि केनिया हे दोन्ही देश या आजाराच्या यादीत आहेत. तिथून आलेल्या प्रवाशाकडे भारतात परतताना प्रमाणपत्र मागितले जाते आणि ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होते, एकदा घेतली की आयुष्यभर चालते. लस फक्त सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि तिथे वेळ आधी घ्यावी लागते, तेव्हा शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

४. जोहान्सबर्गमार्गे जात असाल तर: सगळा प्रवास एकाच तिकिटावर आहे का आणि सामान थेट पुढे जाणार का, हे विचारा. दोन वेगळी तिकिटे असतील आणि सामान घ्यायला बाहेर यावे लागणार असेल, तर दक्षिण आफ्रिकेचाही व्हिसा लागेल.

५. वाहन परवाना: गाडी चालवायची असेल तर आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. तो वर्षभर चालतो. मूळ परवानाही सोबत ठेवा. तिकडे आपल्यासारखेच रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवतात.

पोचायचे कसे, राहायचे कुठे

राजधानी विंडहुकपासून स्वाकोपमुंड सुमारे ३६० किलोमीटर आहे. बी-२ हा रस्ता पूर्ण डांबरी आहे. तुमच्यापुढे तीन पर्याय आहेत:

- शटल बस: एकट्या-दुकट्याला सर्वांत सोयीची. चार-पाच तासांत पोचते. जागा आधी राखून ठेवावी लागते.
- शेअर कॉम्बी: आपल्या वडापसारखा प्रकार, भरली की सुटते. स्वस्त पडते, पण सुटण्याची वेळ तिच्या मर्जीची आणि सामानाला जागा कमी.
- भाड्याची गाडी: तिघे-चौघे असाल तर परवडते. अंधार पडल्यावर मात्र शहराबाहेर गाडी चालवू नका, जनावरे रस्त्यावर येतात.

जोहान्सबर्गहून थेट वॉल्विस बेला विमान मिळाले तर विंडहुकचा फेरा वाचतो. ते बंदराचे शहर स्वाकोपमुंडच्या दक्षिणेला तीस-पस्तीस किलोमीटरवर आहे.

राहण्यासाठी बॅकपॅकर हॉस्टेल निवडा. डॉर्मिटरीतली खाट स्वस्त पडते, पण त्याहून मोठा फायदा सामायिक स्वयंपाकघराचा. या शहरातल्या हॉटेलांत मांस आणि मासे हाच मुख्य मामला असतो. जर्मन पद्धतीच्या बेकऱ्यांत पाव-केक उत्तम मिळतात, पण शाकाहारी माणसाचे रोज त्यावर भागत नाही. सुपरमार्केटमधून तांदूळ, डाळ, भाजी आणा. फोडणीचा मसाला घरून नेलात की मुगाची खिचडी कुठेही होते. नळाचे पाणी पिण्याजोगे असते.

समुद्रकिनारी किंवा वाळवंटात मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही. शहराभोवतीचा बराचसा भाग डोरोब राष्ट्रीय उद्यानात येतो आणि मुक्काम ठरलेल्या जागीच करावा लागतो.

कोणता खेळ कोणासाठी

विमानातून उडी (टँडम स्कायडायव्हिंग). तुम्हाला प्रशिक्षकाच्या छातीशी पट्ट्यांनी बांधतात. साधारण १०,००० फुटांवरून उडी, अर्ध्या मिनिटाच्या आसपास ताशी २०० किलोमीटरच्या वेगाने मोकळे पडणे, मग छत्री उघडून काही मिनिटे सावकाश खाली. सगळ्यांत महाग खेळ हाच. वजनाची मर्यादा बहुतेक ठिकाणी १०० किलोच्या आसपास असते. ती आधी विचारा, तिथे गेल्यावर काटा दाखवतात. छायाचित्रे आणि व्हिडिओचे पैसे वेगळे. पाठीचे, हृदयाचे किंवा रक्तदाबाचे दुखणे असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय नाव नोंदवू नका. सर्दीने कान बंद असतील तर त्या दिवशी उडी नकोच.

सँडबोर्डिंग. खर्चाने आटोक्यातला, मजेने भरपूर. झोपून करायच्या प्रकारात हार्डबोर्डची पातळ फळी देतात. तिच्या खालच्या अंगाला फरशीचे पॉलिश चोळलेले असते. पोटावर झोपायचे, फळीची पुढची कड दोन्ही हातांनी वर ओढून धरायची, कोपरे उचललेली ठेवायची आणि पायाच्या चवड्यांनी वेग आवरायचा. कड खाली गेली की नाकातोंडात वाळू. मोठ्या उतारावर वेग ताशी ७०-८० किलोमीटरपर्यंत जातो, म्हणून हेल्मेट, हातमोजे आणि कोपराची पट्टी घेतल्याशिवाय उतरू नका. उभे राहून करायच्या प्रकाराला तोल आणि थोडा सराव लागतो. दोन्हींत एक गोष्ट सारखी: वर जायला पाळणा नाही, प्रत्येक घसरणीमागे टेकडी पायीच चढायची. गुडघे कुरकुरत असतील तर आधी विचार करा.

क्वाड बाइक. गिअर नसलेली गाडी मागा, पहिल्यांदा चालवणाऱ्याला तीच बरी. मार्गदर्शकाच्या चाकाच्या ओळीतूनच गाडी न्यायची, हा इथला पहिला नियम. टेकडीच्या माथ्यावरून पलीकडचा उतार दिसत नाही आणि वाऱ्याच्या आडोशाची बाजू एकदम तीव्र असते. बहुतेक अपघात माथा ओलांडतानाच होतात. पूर्ण लांबीची पँट घाला, गाडीचा सायलेन्सर तापलेला असतो.

सीलसोबत कयाक. वॉल्विस बेहून मिठागरांच्या कडेने गाडीने पेलिकन पॉइंटला नेतात, वाटेत फ्लेमिंगो दिसतात. दोघांच्या कयाकमध्ये बसून पाण्यात उतरलात की सीलची पिल्ले स्वतःच जवळ येतात, वल्हे चावून पाहतात. हात लावायचा नाही. पाण्याचे तापमान १२ ते १८ अंशांच्या दरम्यान असते, म्हणून लाइफ जॅकेटबरोबर पाणी न शिरणारा वरचा पोशाख देतात का, ते विचारा. हलके धुके चालते. वारा चालत नाही, म्हणून या सफरी सकाळी लवकर निघतात.

उड्या-घसरणी नको असतील तर. घरातले ज्येष्ठ आणि लहान मुलांसाठी वाळवंटातील जिवांची अर्ध्या दिवसाची सफर उत्तम. वाळूत पोहल्यासारखी जाणारी पाल, तिरकी सरपटणारी फुरशासारखी विषारी सर्पजात, रंग बदलणारा सरडा हे सगळे मार्गदर्शक शोधून दाखवतो. इथला एक भुंगेरा तर धुक्याच्या सकाळी टेकडीच्या माथ्यावर डोके खाली, पाठ वर करून उभा राहतो आणि पाठीवर जमलेले थेंब ओघळून तोंडात आले की पितो. स्वतःची गाडी असेल तर ‘चंद्रभूमी’ म्हणून ओळखला जाणारा स्वाकोप नदीकाठचा उजाड भाग आणि दोनच पानांवर शतकानुशतके जगणारी वेल्विचिया वनस्पती पाहून या. त्यासाठी शहरातल्या पर्यावरण-पर्यटन मंत्रालयाच्या कार्यालयातून परवाना घ्यावा लागतो. कार्यालय सुट्टीच्या दिवशी बंद असू शकते, म्हणून परवाना आदल्या दिवशीच काढा.

पाच दिवसांची आखणी कशी असावी

सूत्र असे: आकाशातले आधी, पाण्यातले सकाळी, वाळूतले मधल्या वेळात.

- पहिला दिवस: पोचा, सामान टाका, कंपन्यांच्या कार्यालयांत जाऊन चौकशी करा, परवाना काढा.
- दुसरा दिवस: विमानातून उडी. धुके असेल तर दुपारपर्यंत थांबायची तयारी ठेवा. तरी जमले नाही तर तीच नोंदणी तिसऱ्या दिवसावर न्या.
- तिसरा दिवस: सकाळी सँडबोर्डिंग, दुपारनंतर क्वाड बाइक. वारा जोराचा असेल तर अदलाबदल करा.
- चौथा दिवस: पहाटे वॉल्विस बेला जाऊन कयाक. परतताना ‘ड्यून सेव्हन’ ही उंच टेकडी चढता येते.
- पाचवा दिवस: राखीव. हवेने काहीच अडवले नाही तर शहर पायी पाहा.

शहर पाहताना एक भान असू द्या. जेटी, दीपगृह, जुने रेल्वे स्थानक या जर्मन धाटणीच्या देखण्या वास्तू वसाहतकाळातल्या आहेत. त्याच काळात, १९०४ ते १९०८ दरम्यान, हेरेरो आणि नामा लोकांचा संहार झाला. या शहरातही छळछावणी होती आणि त्यात मेलेल्यांच्या निनावी कबरी शहराच्या कडेला आहेत. जर्मनीने २०२१ मध्ये तो वंशसंहार असल्याचे मान्य केले. ती जागा पाहायला जा, पण कबरींवरून चालू नका, तिथे सेल्फी काढू नका.

कंपनी निवडताना विचारायचे प्रश्न

नामिबियात पर्यटन व्यवसायाला नामिबिया टुरिझम बोर्डाची नोंदणी बंधनकारक आहे. कार्यालयात प्रमाणपत्र लावलेले आहे का आणि त्याची मुदत चालू आहे का, ते पाहा. मग हे विचारा:

1. हवेमुळे खेळ रद्द झाला तर पैसे परत, की फक्त दुसरी तारीख?
2. दुसरी तारीख मला जमणार नसेल तर?
3. दरात उद्यानाचे शुल्क, हॉस्टेलपासूनची ने-आण आणि सुरक्षासाहित्य धरले आहे का?
4. एका मार्गदर्शकामागे किती जण असतात?
5. अपघात झाला तर रुग्णालयात कोण नेते? कंपनीचा विमा काय भरून देतो?

उत्तरे तोंडी घेऊन थांबू नका. व्हॉट्सअॅपवर किंवा ईमेलने लिहून मागा. पुढे वाद झाला तर तोच पुरावा.

विमा: इथेच सगळ्यांत मोठी चूक होते

साध्या प्रवासविम्यात साहसी खेळ बहुधा वगळलेले असतात. ‘अॅडव्हेंचर स्पोर्ट्स’चे जादा संरक्षण घ्यावे लागते आणि त्यातही कोणते खेळ धरले आहेत याची यादी असते. टँडम स्कायडायव्हिंग आणि क्वाड बाइक ही दोन नावे त्या यादीत शोधा. ‘मान्यताप्राप्त संस्थेच्या देखरेखीखाली’ अशी अट असेल तर कंपनीच्या नोंदणीची प्रत आणि पावती जपून ठेवा. आणीबाणीत हलवण्याचा खर्च किती रकमेपर्यंत मिळतो, तेही पाहा. मद्य घेतल्यावर झालेल्या अपघाताचा दावा बहुतेक कंपन्या नाकारतात.

भाड्याच्या गाडीचा विमा वेगळा. करारात टायर, काच, गाडीचा खालचा भाग, वाळूने झालेले नुकसान आणि खडीच्या रस्त्यावर गाडी एकटीच उलटणे या गोष्टी वगळल्या आहेत का, ते बारीक अक्षरांत वाचा. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी व्हिडिओ काढा.

सही केली म्हणजे हक्क संपले का?

नाही. फॉर्मवर सही करताना तुम्ही खेळातला मूळ धोका मान्य करता. सुटलेला पट्टा किंवा तडकलेले हेल्मेट त्यात आपोआप बसत नाही. पण परदेशात दावा लढवणे खर्चिक असते, म्हणून आपल्या बाजूने ही काळजी घ्या:

- फॉर्म आदल्या दिवशी मागून वाचा. न समजलेली ओळ विचारा. प्रकृतीविषयीच्या रकान्यात खरे तेच लिहा, खोटे लिहिले तर विमाही जातो.
- साहित्य सदोष वाटले तर नकार द्या. बदलून मागा. बदलून देत नसतील तर पैसे परत मागा.
- सहल भारतातल्या कंपनीकडून घेतली असेल तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहा, पुष्कळ प्रकरणे तिथेच मिटतात.
- विम्याचा दावा नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी जा. महिनाभरात समाधान झाले नाही तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे अर्ज करा. मुंबई आणि पुणे इथे कार्यालये आहेत, अर्जाला फी नाही, वकील लागत नाही.

या चुका टाळा

- स्वतःची गाडी वाळूत घालणे. ठरलेला मार्ग सोडून गाडी नेणे बेकायदा आहे. इथल्या खडीच्या मैदानावर चाकाची खूण वर्षानुवर्षे राहते आणि डमारा टर्न हा छोटा समुद्रपक्षी तिथेच उघड्यावर अंडी घालतो.
- सँडविच हार्बरला स्वतः गाडी नेणे. एका बाजूला टेकडी, दुसऱ्या बाजूला भरती. वाट ओहोटीपुरतीच खुली असते. अनुभवी चालकाच्या गाडीतूनच जा.
- मिठाच्या रस्त्यावर वेग. किनाऱ्याच्या उत्तरेकडचे काही रस्ते मीठ आणि जिप्समचे आहेत. दिसायला डांबरासारखे, धुक्यात भिजले की निसरडे.
- परवानगीशिवाय ड्रोन. नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाची परवानगी लागते, उद्यानात आणखी वेगळी.
- ढगाळ आहे म्हणून सनस्क्रीन न लावणे. धुक्याआडूनही त्वचा भाजते.
- नामिबियाई डॉलर उरवणे. हे चलन दक्षिण आफ्रिकी रँडच्या बरोबरीचे आहे आणि नामिबियात रँड चालतो, पण दक्षिण आफ्रिकेत नामिबियाई डॉलर चालत नाहीत. फॉरेक्स कार्डात रँड भरून न्या.

सॅकमध्ये काय हवे

विंडचीटर, एक पातळ स्वेटर, कानटोपी, पूर्ण बाह्यांचे दोन शर्ट, घोट्यापर्यंतचे बूट, डोळ्यांना घट्ट बसणारा गॉगल. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर वाळूवर जाताना चष्माच बरा. फोन आणि कॅमेरा बंद पिशवीत ठेवा, टेकडीवर लेन्स बदलू नका. सॉकेट जाड गोल तीन पिनांचे असते. आपल्या गिझरचा मोठा प्लग त्यात बसतो, म्हणून त्याच पिनांचा अडॅप्टर इथूनच घ्या.

आता कामाचा क्रम: आधी सुट्टीच्या तारखा ठरवा, मग विमानाचा मार्ग आणि त्यानुसार लस, मग खेळांच्या यादीसह विमा. खेळांचे पैसे सगळ्यात शेवटी भरा. गर्दीचा हंगाम नसेल तर बहुतेक खेळ तिथे पोचल्यावर एक-दोन दिवस आधी नोंदवता येतात आणि तोपर्यंत हवेचा रागरंगही तुम्हाला कळलेला असतो.